मांजराचे वजन आणि घराचा हिशेब

घरातले मांजर लठ्ठ झाले तर आपल्याकडे त्याची काळजी वाटण्याऐवजी कौतुक होते. आलेला पाहुणा ते उचलून पाहतो, 'काय खायला घालता हो याला?' असे विचारतो आणि यजमान तो प्रश्न प्रशस्तिपत्र समजून हसतात. गुबगुबीत मांजर हे खात्यापित्या आणि मायाळू घराचे लक्षण मानले जाते. अंगावर मांस चढल्याखेरीज खाल्लेले अंगी लागले असे ज्या समाजाला वाटत नाही, त्या समाजात हे स्वाभाविकही आहे. पण चार किलोचे मांजर सहा किलोचे झाले, याचा अर्थ साठ किलोचा माणूस नव्वद किलोचा झाला, हे त्रैराशिक फारसे कोणी मांडत नाही. त्या माणसाला त्याचा डॉक्टर, त्याची बायको आणि त्याचा शिंपी असे तिघेही वेळोवेळी सावध करीत असतात. मांजराला सावध करणारे कोणी नसते. आणि सावध करून उपयोगही नाही, कारण आपली ताटली ते स्वतः भरत नाही.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात हिमी नावाचा एक बोका होता. त्याचे वजन २१.३ किलो भरले आणि जगातील सर्वांत वजनदार मांजर म्हणून गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. त्याला इकडून तिकडे न्यायचे तर हातगाडी लागत असे. १९८६ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, श्वसनक्रिया बंद पडून तो मेला. पुढे या पुस्तकाने असा विक्रम नोंदवणेच थांबवले, कारण विक्रमाच्या हव्यासापायी लोक मुक्या प्राण्यांना कोंबकोंबून खाऊ घालतील अशी सार्थ भीती होती. नोंद थांबली, कौतुक मात्र थांबले नाही. अमेरिकेत पाळीव प्राण्यांच्या लठ्ठपणाविरुद्ध काम करणाऱ्या एका संघटनेने २०२२ मध्ये केलेल्या पाहणीत शंभरातील ६१ मांजरांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आढळले. तेथे ज्या कारणांनी हे घडले, ती सारी कारणे मुंबई-पुण्याच्या सदनिकांमध्ये आता हजर आहेत. बंद दार, जाळी लावलेली खिडकी, नसबंदी, पाकिटातले तयार खाद्य आणि दिवसभर बाहेर असलेली माणसे, एवढे साहित्य एकत्र आले की लठ्ठ मांजर तयार होण्यास वेगळे काही करावे लागत नाही. हा प्रश्न मांजराच्या खादाडपणाचा नसून घराच्या बेहिशेबीपणाचा आहे, ही गोष्ट प्रथम मान्य केली पाहिजे. तरच त्यावरचा उपाय सापडू शकेल.

नोकरी गेली, शिधा वाढला

मांजर माणसाच्या घरात आले ते प्रेमापोटी नव्हे, धान्यापोटी. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्याची कोठारे उभी राहिली, कोठारांत उंदीर आले आणि उंदरांमागोमाग रानमांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारी पुरलेले मांजर उत्खननात सापडले. २००४ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. म्हणजे हा संबंध जुना आहे. परंतु तो संबंध कामाचा होता. महाराष्ट्रातील वाड्यांत आणि शेतकऱ्यांच्या घरांतही अगदी परवापरवापर्यंत मांजर ठेवले जाई ते कणगी, कोठीची खोली आणि माळा राखण्यासाठी. त्याला घरातून मिळे ते वाटीतले उरलेसुरले. मुख्य अन्न त्याने स्वतः मिळवायचे असा अलिखित करार होता.

या कराराचे आकडे पाहण्यासारखे आहेत. एका उंदरातून मांजराला सुमारे ३० उष्मांक, म्हणजे बोलीभाषेतील कॅलरी, मिळतात. मध्यम आकाराच्या मांजराचे दिवसाचे भागण्यास सहा-सात उंदीर तरी हवेत. प्रत्येक उंदरासाठी दबा धरायचा, झेप घ्यायची आणि बहुतेक झेपा फुकट घालवायच्या. उष्मांक मिळवण्यासाठी आधी उष्मांक खर्च करावे लागत आणि म्हणून शिल्लक फारशी पडत नसे. दूध-लोणी शिंक्यावर असे. 'शिंक्याचे तुटले आणि बोक्याचे फावले' ही म्हण ज्या काळात जन्मली, त्या काळात शिंके तुटणे ही क्वचित घडणारी घटना होती. आज शिंकेच उरलेले नाही. बोक्याचे रोजच फावते.

काम गेले, आणि मांजर श्रमिकाचे अवलंबित झाले. यात दोष मांजराचा नाही आणि घराचाही नाही. रस्त्यावरची वाहने, कुत्री आणि रोग यांपासून वाचवायचे तर शहरात मांजराला घरात ठेवणे शहाणपणाचेच असते. नसबंदीही योग्यच आहे. ज्यांना घर मिळणार नाही अशी पिल्ले जन्माला घालण्यात भूतदया नाही. मात्र नसबंदीनंतर मांजराच्या शरीराची उष्मांकांची गरज २० ते ३० टक्क्यांनी कमी होते आणि त्याच वेळी त्याची भूक वाढते, हे घरातल्यांना ठाऊक असावे लागते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर मागणी वाढते, गरज घटते, आणि पुरवठा करणारे घर मागणीकडे पाहून वागते. लठ्ठपणाची सुरुवात येथे होते.

वाटणारे हात अनेक

समजा, पुण्यातल्या एका सदनिकेत चौघांचे कुटुंब आहे आणि त्यांच्याकडे सहा वर्षांचे, नसबंदी केलेले, सहा किलो वजनाचे मांजर आहे. त्याच्या हाडापेराला साडेचार किलो वजन शोभले असते. साडेचार किलोच्या अशा घरबशा मांजराला दिवसाकाठी सव्वादोनशे उष्मांकांच्या आसपास पुरतात. आता घराचा हिशेब पाहू. सकाळी दूध तापले की वडील त्याला वाटीत थोडे म्हशीचे दूध घालतात. पन्नास मिलिलिटर धरले तरी त्यात ५५ उष्मांक असतात. आई कामावर निघण्यापूर्वी कोरड्या खाद्याने ताटली भरून ठेवते. ते ४० ग्रॅम धरले तर सुमारे १५० उष्मांक झाले. दुपारी आजी जेवायला बसली की मांजर तिच्या पाटाशी येते. तुपाचे बोट लावलेला चतकोर पोळीचा तुकडा, म्हणजे ४५. संध्याकाळी महाविद्यालयातून आलेली मुलगी लाडाने दोन-चार खाऊचे तुकडे देते, ते १० धरू. रात्री निजण्यापूर्वी ताटली रिकामी दिसते म्हणून कोणीतरी आणखी १० ग्रॅम खाद्य ओतते. ते जवळजवळ ४०. बेरीज ३०० होते. गरज सव्वादोनशेची आणि आवक तीनशेची, म्हणजे एकतृतीयांश जादा. घरातल्या कोणालाही विचारले तरी तो प्रामाणिकपणे सांगेल की, 'आम्ही असे काय देतो? जेमतेम मूठभर.' प्रत्येकाची मूठ खरोखरच लहान आहे. बेरीज मात्र कोणी केलेली नाही.

या हिशेबात आणखी एक फसवी गोष्ट दडलेली आहे. सहा किलो वजनाचे शरीर चालवण्यास जवळजवळ तीनशे उष्मांकच लागतात. त्यामुळे वजन तेथे येऊन स्थिरावते आणि 'आता काही वाढत नाही' असे समाधान घराला लाभते. वास्तविक हा समतोल आजारी समतोल आहे. तुटीचे अंदाजपत्रक दरवर्षी तेवढ्याच तुटीचे राहिले म्हणून ते निरोगी ठरत नाही.

घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धांत अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतो. एकच वस्तू पुन्हापुन्हा मिळू लागली की तिच्या पुढच्या नगापासून मिळणारे समाधान कमी होत जाते. मांजराच्या घरात तो लागू पडत नाही असे दिसते, याचे कारण समाधान मोजताना मांजराकडे पाहण्याऐवजी देणाऱ्याकडे पाहिले जाते. चार देणारे असले की प्रत्येकाचा घास हा त्याच्यापुरता पहिलाच घास असतो आणि पहिल्या घासाचा आनंद ताजा असतो. आनंद ज्याचा त्याला मिळतो. खर्च मात्र एकाच शरीराच्या नावे पडतो, आणि ते शरीर हिशेब विचारू शकत नाही.

तो खर्च लहान नाही. लठ्ठ मांजरांत मधुमेहाचा धोका अनेक पटींनी वाढतो आणि मधुमेह जडला की बहुधा दिवसातून दोनदा इन्सुलिनची सुई टोचण्याची पाळी येते. सांध्यांवर भार पडतो. पाठीपर्यंत जीभ पोचेनाशी होते, अंग चाटून स्वच्छ ठेवणे ज्याच्या स्वभावातच आहे त्या प्राण्याच्या केसांच्या गुठळ्या होतात आणि कातडी बिघडते. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणे अधिक जोखमीचे ठरते. कुत्र्यांच्या बाबतीत एक प्रसिद्ध प्रयोग झालेला आहे. लॅब्राडोर जातीच्या ४८ कुत्र्यांच्या जोड्या लावून त्यांतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर देण्यात आले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी खाणारे कुत्रे सरासरीने सुमारे दोन वर्षे अधिक जगले आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. मांजर म्हणजे कुत्रा नव्हे, हे मान्य केले तरी जादा घासाची किंमत आयुष्याच्या चलनात चुकवावी लागते, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नसावी.

वेळ महाग, अन्न स्वस्त

घरातली शहाणी, शिकलेली माणसे असे का वागतात? याचे उत्तर गॅरी बेकर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडलेल्या वेळेच्या वाटपाच्या सिद्धांतात शोधता येते. कुटुंबाला मिळणारे कोणतेही सुख पैसा आणि वेळ या दोन साधनांच्या संयोगातून तयार होते. वेळ महाग झाला की कुटुंब वेळेऐवजी पैसा वापरू लागते, असा त्याचा मथितार्थ आहे. मांजरावर माया करण्याचेही असेच दोन मार्ग आहेत. दोरीला चिंधी बांधून त्याला पंधरा मिनिटे खेळवायचे, हा एक. आणि ताटलीत मूठभर खाद्य ओतायचे, हा दुसरा. पहिल्याला पैसा लागत नाही, वेळ लागतो. दुसऱ्याला तीन सेकंद पुरतात. सकाळी साडेसातची लोकल गाठणाऱ्या आणि रात्री आठला परतणाऱ्या माणसाने दुसरा मार्ग धरला तर त्याला दोष देता येत नाही. दिवसभर एकटे पडलेले मांजर दाराशी धावत येते. त्याला कदाचित सोबत हवी असते, मिळते ते खाद्य. आणि रोज तेच मिळू लागले की तेही सोबतीऐवजी खाद्यच मागू लागते.

ही मागणीही साधी नसते. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठातील कॅरेन मॅककोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की, खाणे मागताना काही मांजरांच्या गुरगुरीत एक उंच स्वर मिसळलेला असतो आणि तो तान्ह्या मुलाच्या रडण्याशी जुळतो. ज्यांनी कधी मांजर पाळलेले नाही, त्यांनाही तो आवाज अधिक निकडीचा वाटला. अशा आवाजापुढे माणूस विरघळला तर नवल नाही. पण भुकेची खात्री करून घेण्याचे ते साधन नव्हे, एवढे समजून घेतले पाहिजे.

उपासमार हा उपाय नव्हे

मांजर लठ्ठ आहे हे एकदा पटले की काही घरांत दुसरे टोक गाठले जाते. 'आजपासून निम्मे' किंवा 'दोन दिवस उपाशी राहिले तर काही बिघडत नाही' असे फर्मान निघते. उपासतापासाची परंपरा असलेल्या समाजाला हा मार्ग सोपा वाटतो. मांजराच्या बाबतीत तो जीवघेणा ठरू शकतो. लठ्ठ मांजराचे खाणे काही दिवस तुटले की शरीर साठवलेली चरबी वेगाने यकृताकडे पाठवू लागते. मांजराच्या यकृताला एवढी चरबी हाताळता येत नाही. ती तेथेच साचते आणि यकृत निकामी होऊ लागते. म्हणून लठ्ठ मांजराने चोवीस तास अन्नाला तोंड लावले नाही, तर 'बरे झाले, आपोआप उपास घडला' असे न म्हणता पशुवैद्याकडे जावे.

दुसरा धोका कमी उघड आहे. मांजर हा निखळ मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते त्याला मांस-मासळीतूनच मिळते. टॉरिन कमी पडले तर डोळ्यांच्या पडद्याची हानी होते आणि हृदयाचे स्नायू दुबळे होतात. हृदयविकाराचा हा संबंध अमेरिकेतील पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये उजेडात आणला. आपल्याकडील पुष्कळ घरांत मांजर दूधभातावर आणि दूधपोळीवर वाढते. शाकाहारी घराची ती सद्भावना असते, यात शंका नाही. परंतु त्या वाटीत पिष्ट आणि स्निग्ध पदार्थ भरपूर, आणि मांजराला हवी ती प्रथिने तुटपुंजी असतात. शिवाय पुष्कळ प्रौढ मांजरांना दूध पचत नाही. कांदा-लसूण घातलेले स्वयंपाकघरातले उरलेले अन्न तर त्यांना अपायकारकच असते. असे मांजर एकाच वेळी लठ्ठ आणि कुपोषित असू शकते. त्याचा दूधभात नुसता निम्मा केला, तर चरबी उतरण्यापूर्वी स्नायू उतरतील. हीच गोष्ट तयार खाद्याचीही आहे. नेहमीचे खाद्य फारच घटवले तर उष्मांकांबरोबर प्रथिने आणि जीवनसत्त्वेही घटतात. म्हणून वजन उतरवण्यासाठी प्रथिने अधिक आणि उष्मांक कमी असे वेगळे खाद्य पशुवैद्य सुचवतात. काटकसर आणि उपासमार यांतला फरक देशाच्या अर्थसंकल्पात महत्त्वाचा असतो, तसा तो येथेही आहे.

एक हात, एक माप, एक वही

मग करावे काय? पहिले काम म्हणजे मांजराची तपासणी. लठ्ठपणामागे किंवा लठ्ठपणातून आजार उद्भवलेला नाही ना, हे पशुवैद्याने पाहिले पाहिजे आणि गाठावयाचे वजनही त्यानेच ठरवले पाहिजे. पशुवैद्य यासाठी नऊ अंकांची एक मोजपट्टी वापरतात. तिच्यात पाच म्हणजे योग्य. घरच्या घरी अदमास घ्यायचा तर कुशीवरून हलका हात फिरवावा. बरगड्या सहज हाताला लागाव्यात आणि वरून पाहिले असता कंबर दिसावी. पोटाखाली लोंबणारी थोडी सैल कातडी बहुतेक मांजरांना निसर्गतःच असते. तिच्यावरून निष्कर्ष काढू नये.

दुसरे काम म्हणजे वाटपाचा अधिकार एका हाती देणे. सकाळी एका व्यक्तीने दिवसाचे सारे खाद्य वजनकाट्यावर मोजून एका डब्यात काढून ठेवावे. ज्याला द्यायचे असेल त्याने त्या डब्यातूनच द्यावे. डबा संपला की दिवस संपला. आजीने घास देऊ नये असा हुकूम काढण्याची गरज नाही. आजीच्या घासाची तरतूद डब्यात असली म्हणजे झाले. खाऊ दिवसाच्या उष्मांकांच्या एकदशांशापलीकडे जाऊ नये, हा सर्वमान्य नियम आहे. माप वाटीने किंवा मुठीने न घेता ग्रॅममध्येच घ्यावे. दररोज तीन ग्रॅम कोरडे खाद्य जादा पडले तर वर्षात एक किलोहून अधिक जादा खाद्य पोटात जाते, आणि कागदावरच्या हिशेबाने त्यातून सुमारे अर्धा किलो चरबी साठू शकते. तीन ग्रॅम हा फरक डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसतो. पाकिटावर छापलेले कोष्टक हे केवळ सुरुवातीपुरते धरावे. घरात बसून असणाऱ्या, नसबंदी झालेल्या मांजराला ते पुष्कळदा अधिक होते. कित्येक जण त्या कोष्टकात मांजराचे आजचे वजन पाहतात. पाहावयाचे असते ते उद्याचे.

वर उल्लेखिलेल्या सहा किलोच्या मांजराला वजन उतरवण्यासाठी दिवसाला सुमारे १७५ उष्मांक हे पशुवैद्यकाच्या प्रचलित सूत्रानुसार येणारे उत्तर आहे. पण तीनशेवरून तेथे एका दिवसात उडी मारायची नाही. दोन आठवड्यांत पायरीपायरीने उतरायचे. खाद्य बदलायचे असेल तर जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत सात ते दहा दिवस घ्यावेत. तेवढेच खाद्य एकदोनदा देण्याऐवजी चार-पाच लहान वाटण्यांत दिले तर ते मांजराच्या मूळ सवयीला धरून होते. घरात दोन मांजरे असतील तर त्यांची पाने वेगळ्या खोल्यांत मांडावीत. एरवी लठ्ठ मांजर दोघांचेही संपवते आणि हिशेब पुन्हा कोलमडतो.

तिसरे काम नोंदीचे. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते दोन टक्के एवढीच घट सुरक्षित मानली जाते. सहा किलोच्या मांजरात एक टक्का म्हणजे ६० ग्रॅम. माणूस मांजराला घेऊन नेहमीच्या काट्यावर उभा राहिला तर एवढा फरक त्यात दिसणारही नाही. म्हणून लहान मुलांचे वजन करण्याचा काटा बरा, किंवा दर पंधरवड्याला दवाखान्यात नेऊन वजन करावे. दीड किलो उतरवायला या गतीने पंचवीस आठवडे लागतात. गणपतीत आरंभलेले काम होळीला पुरे होईल. एवढा धीर धरायचा तर वही हवीच. आकडा उतरत असलेला दिसला की घराचा निश्चय टिकतो.

या काळात मांजर ओरडेल, पहाटे उठवेल, ताटलीशी जाऊन बसेल. येथे बहुतेक प्रयत्न मोडतात. कधीतरी, अनियमितपणे मिळणारे बक्षीस हे रोज मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा सवय अधिक घट्ट करते, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांनी दाखवले आहे. नऊ दिवस नकार देऊन दहाव्या दिवशी शरण जाणारे घर मांजराला एवढेच शिकवते की दहा दिवस ओरडावे लागते. त्या ओरडण्याला उत्तर म्हणून खाद्याऐवजी वेळ द्यावा. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटे दोरीमागे धावायला लावले, मोजलेल्या खाद्यातलेच चार दाणे घरभर लपवून शोधायला लावले, तर हरवलेल्या शिकारीचा थोडा अंश त्याला परत मिळतो. खाणे तोडले तर मांजराचे प्रेम आटेल, ही भीती पुष्कळांच्या मनात असते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात उलटच आढळले: मोजके खाणे सुरू झाल्यावर मांजरे खाल्ल्यानंतर अधिक लाडात येतात, मांडीवर येऊन बसतात, असा अनुभव त्यांच्या मालकांनी नोंदवला.

हा चोचला नव्हे

ज्या देशात अजून असंख्य मुलांच्या पोटाला पुरेसे मिळत नाही, त्या देशात लठ्ठ मांजराची चर्चा कशाला, असा आक्षेप येईल. आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळता येणार नाही. परंतु त्याचे उत्तर त्या आक्षेपातच आहे. जे अन्न कोणाच्याही उपयोगी न पडता एका प्राण्याला आजारी पाडते, त्याचे समर्थन भुकेल्या मुलांकडे पाहून तर मुळीच करता येत नाही. मोजून खाऊ घालणे हा श्रीमंती चोचला नव्हे. न मोजता ओतणे हा चोचला आहे.

दुसरी बाजू कायद्याची. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्न न देणे हा गुन्हा ठरवला आहे. जास्त देण्याबद्दल त्यात असे स्पष्ट शब्द नाहीत, आणि आजीच्या तुपाच्या बोटावर खटला भरावा असे कोणी म्हणणारही नाही. ब्रिटनच्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्यात मात्र मालकाने प्राण्याला 'योग्य' आहार द्यावा असे बंधन आहे. पुरेसा आणि योग्य या दोन शब्दांत जे अंतर आहे, ते कायद्याने नव्हे तर घराने ओलांडायचे आहे.

पाळलेला प्राणी सर्वार्थाने परावलंबी असतो. त्याला पगार नाही, मत नाही, तक्रार नोंदवण्याची भाषा नाही. त्याच्या ताटलीत काय आणि किती पडावे, हे दुसरे ठरवतात आणि त्याचे परिणाम मात्र त्याला एकट्याला भोगावे लागतात. ज्याच्या वतीने आपण निर्णय घेतो, त्याच्या हिताचा हिशेब ठेवणे ही विश्वस्ताची पहिली जबाबदारी मानली जाते. घरातल्या मांजराच्या बाबतीत ती पार पाडायला एक वजनकाटा, एक वही आणि रोजची अर्धा तास सवड एवढेच भांडवल लागते. यांतील पहिल्या दोन वस्तू बाजारात मिळतात. तिसरी घरानेच काढायची आहे, आणि मांजराला खरी उणीव तिचीच आहे.